कुडूचं डोकं आणि ह्यांचा फोटो

ते डोकं मी पुसत नाही. घरातलं बाकी सगळं पुसते. टीव्ही, देव्हारा, नातीचं अभ्यासाचं टेबल, चपलांच्या कपाटाची वरची फळी. सुनेनं एकदा हळूच म्हटलं, "आई, त्याच्यावर धूळ दिसायला लागलीय हो. कानांत तर जास्तच." मी म्हटलं, "हो, दिसते." आणि फडकं पिळून बाल्कनीत वाळत घातलं.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. चारचौघांत माझा आवाज निघत नाही. लग्नात नाव घ्यायच्या वेळी सासूबाईंनी दोनदा चिमटा काढला तेव्हा कुठे घेतलं, आणि तेही पुढच्या रांगेला ऐकू गेलं नाही म्हणतात. इथे परदेशात, पुंगोलला मुलाच्या इमारतीत, लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर मी मजल्यांचे आकडे बघत राहते. पण या दसऱ्याला मी बोलले. जे बोलले ते परत घेणार नाही, आणि ते का बोलले हे मला नीट मांडून ठेवायचं आहे. दाखवायचं कुणालाच नाही.

माझा मुलगा इथे बँकेत आहे. त्याचे साहेब मुंबईचेच मराठी गृहस्थ, पण इथले नागरिक होऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली. त्यांना शिकारीचा नाद. दरवर्षी आफ्रिकेत जातात आणि तिथली हरणं मारतात. हरणं म्हणजे आपल्याकडच्यासारखी नाहीत, काही तर बैलाएवढी असतात. साहेबांच्या घरी भिंतीवर शिंगंच शिंगं आहेत. मुलगा पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेला आणि आल्यावर म्हणाला, "आई, मी त्यांना सांगितलं, माझे वडीलसुद्धा शिकारी होते."

मला नवल वाटलं. लहानपणी हाच मुलगा ह्यांनी रानडुक्कर आणलेलं कळलं की माळ्यावर चढून बसायचा. जेवायला हाका मारल्या तरी उतरायचा नाही. पुढे शिकायला मुंबईला मामाकडे गेला, तो त्यातून सुटलाच. ह्यांच्या हातातली बंदूक त्यानं कधी उचलूनसुद्धा बघितली नव्हती.

आमचं गाव तळकोकणातलं. ह्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, शेताच्या राखणीसाठी परवाना काढलेली. ठासणीची म्हणजे आधी दारू भरायची, मग ठासायची, मग एक बार काढायचा. चुकला तर चुकला, पुन्हा भरेपर्यंत जनावर दुसऱ्या गावात. भाताला दाणा धरला की डुकरं उतरायची आणि एका रात्रीत शेत नांगरल्यासारखं करून जायची. मग गावाची पारध ठरायची.

पारधीला जायच्या आधी देवळापुढे गाऱ्हाणं घालायचं. गावकऱ्यांतला मोठा माणूस देवाला सांगायचा की आम्ही असे असे निघालो आहोत, पोरंबाळं आहेत, सांभाळून आण, द्यायचं असेल तर दे, नसेल द्यायचं तर माणसं तरी घरी आण. आणि बाकीच्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." मग हाकारे तीन बाजूंनी ओरडत जनावर उठवायचे, बंदुकीवाले चौथ्या बाजूला बसायचे. मिळालं तर देवळापुढेच वाटे पडायचे. ज्याचा बार त्याचा एक, हाकाऱ्यांचे, कुत्रेवाल्यांचे, आणि ज्या घरात पुरुष माणूस नाही त्या घराचाही.

बायकांचा नियम एकच होता. माणसं रानात असताना रश्शाचं वाटप वाटायचं नाही. खोबरं भाजून ठेवायचं नाही, मसाला काढायचा नाही, पाट्यावर पाणीसुद्धा टाकायचं नाही. मी नवी नवरी असताना सासूबाईंना मदत होईल म्हणून नारळ खवायला घेतला. त्यांनी माझ्या हातातून खवणी काढून घेतली. म्हणाल्या, "रानातलो अजून रानात आसा. तू त्येचो रस्सो करतंस?" त्या दिवशी रात्री आम्ही पेज आणि लोणचं खाल्लं. बहुतेक वेळा तेच खायचो. दहा वेळा गेले तर आठ वेळा रिकामे यायचे.

आणि ह्यांना सांगायला आवडायचं ते निसटलेल्या जनावरांचंच. एक डुक्कर तर ह्यांच्या पायावरून गेलं होतं. बार चुकला, ते सरळ अंगावर आलं, हे आडवे झाले आणि ते पिंडरीवर पाय देऊन पलीकडे. पुढे थंडीत तो पाय दुखायचा. मी तेल चोळायला बसले की हे हसायचे. "माझ्या डोळ्यांत बघून गेलो मेलो. असो बघल्यान, जसो काय मी त्येचा काय देणा लागतंय." मारलेल्यांपैकी एकाचीही गोष्ट ह्यांनी अशी रंगवून सांगितलेली मला आठवत नाही.

ह्यांची शिकार काही पुण्याचं काम नव्हती, हेही लिहिते. एकदा गाभण डुकरीण पडली. त्या दिवशी मी चूल पेटवली नाही आणि ह्यांनीही का म्हणून विचारलं नाही. आमचा वाटा शेजारच्या घरी गेला. मी मटण खाते, इथल्या बाजारातली कोंबडी साफ करते, तेव्हा जीव मारणं वाईट असं म्हणायला मी निघालेली नाही. माझं म्हणणं वेगळं आहे.

तर मुलगा आफ्रिकेत गेला. साहेबांबरोबर नाही, एकटाच. त्याला आठवड्याचीच सुट्टी मिळाली होती, म्हणून एका एजंटाकडून ठरवून गेला. आल्यावर जेवणाच्या टेबलावर बसून त्यानं मला मोबाईलवर सगळं दाखवलं. आधी उंच तारेचं कुंपण, पार नजर पोहोचेपर्यंत. मग फाटक. त्यांची उघडी गाडी आत गेली आणि एका माणसानं उतरून फाटक परत लावलं.

मी विचारलं, "हे कुणाचं रान?"

"रान नाही गं. फार्म आहे त्यांचं. ते लोक कुडू, म्हणजे ही मोठी हरणं, पाळतात, वाढवतात. आपल्याला कुठला हवा ते आधी फोटोत बघून ठरतं."

"ठरतं म्हणजे?"

"म्हणजे हा माझा. पिळाची शिंगं बघ. बाकीचे सोडायचे." त्यानं पुढचं दाखवलं. पाणवठा होता, आडोसा होता, बंदूक टेकवायला काठ्या रोवलेल्या होत्या. कुडू पाणी प्यायला आला. खूप देखणा होता. अंगावर पांढऱ्या रेघा, आणि कान इतके मोठे की पानं हलावीत तसे हलत होते. "दुपारच्या जेवणाआधी काम झालं," मुलगा म्हणाला. "संध्याकाळी त्यांनी त्याच्याच मटणाची पार्टी दिली. त्यांचा स्वयंपाकी सकाळपासून तयारीला लागला होता."

सकाळपासून. मी ताटं उचलली.

पुष्कळ महिन्यांनी लाकडी खोक्यातून ते डोकं आलं. मानेपासून वर, काचेचे डोळे लावलेलं. खोकं लिफ्टमध्ये जाईना. तिरकं करून, उभं करून, शेजारचे चिनी आजोबा मदतीला येऊन कसंबसं चढलं. हॉलमध्ये लावलं तर शिंगांची टोकं छताला भिडायला आली. नात शाळेतून आली, दप्तर न काढताच उभी राहिली. म्हणाली, "पप्पा, सो बिग. व्हेअर इज द बॅक साईड?" सुनेला हसू आलं, मुलाला नाही आलं.

इथपर्यंत ठीक होतं. त्याचं घर, त्याची भिंत. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानं माझ्या खोलीतला ह्यांचा फोटो उचलला. तो फोटो दसऱ्याचाच आहे, अंगणातला. पुतण्यानं काढलेला. बंदुकीची पूजा झालेली, तिच्या नळीला झेंडूची माळ, आणि हे टोपी घालून शेजारी उभे. त्यात जनावर नाही. मुलानं तो मोठा करून, चौकट लावून, डोक्याच्या बरोबर खाली टांगला.

"उद्या साहेब येणार आहेत," तो म्हणाला. "इथे बंदूक ठेवता येत नाही, म्हणून आपण ह्याचीच पूजा करू. आई, कुंकू तू लाव. बाबांचं पण सांग दोन शब्द."

"मी?"

"तूच. घरातली मोठी तू आहेस. आणि तुझ्यासारखं खरं कोण सांगणार?"

त्याला काय हवं होतं ते मला तेव्हाच कळलं. त्याला साहेबांपुढे शिकाऱ्याचा मुलगा व्हायचं होतं, आणि त्यासाठी ह्यांचं नाव हवं होतं. माझ्या तोंडून. ह्यांचं माझ्याकडे उरलंय ते तेवढंच. मला ते द्यायचं नव्हतं.

आणखी एक होतं. हे गेल्यापासून मला कुणी कुंकवाचं ताट हातात दिलं नव्हतं. गावी दसऱ्याला जाऊबाई पुढे व्हायच्या, मी मागच्या दारी. इथे मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले तर खुर्ची देतात, चहा देतात, आणि कुंकवाची डबी माझ्यापाशी आली की शेजारणीकडे वळते. मी कधी तक्रार केली नाही. पण इतकी वर्षं जो हात कुणाला चालला नाही तो आज मेलेल्या कुडूला चालणार होता.

दसऱ्याला साहेब आणि त्यांच्या पत्नी आल्या, बँकेतली आणखी दोन जोडपी आली. मी आत वडे तळत होते. स्वयंपाकघराला दार नाही, हॉलमधलं सगळं ऐकू येतं. साहेब डोक्यापुढे बराच वेळ उभे राहिले असावेत. मग म्हणाले, "शिंगं झकास आहेत. कुंपणातला की मोकळ्यावरचा?"

"मोकळ्यावरचा," मुलगा म्हणाला. "चार दिवस माग काढला."

कढईतला वडा तेलात जरा जास्तच राहिला.

साहेब सांगायला लागले की कुंपणातली शिकार म्हणजे मासळीबाजारात जाऊन गळ टाकण्यासारखं. दुसऱ्या एका पाहुण्यानं म्हटलं, "पण सर, कुंपण एवढं मोठं असतं की जनावराला ते कळतसुद्धा नाही. आणि त्यांचं रक्षण पण होतं ना, खाणंपिणं मिळतं, डॉक्टर असतो." साहेब म्हणाले, "ते सगळं खरं असेल. पण मला त्यात गंमत नाही." मुलगा म्हणाला, "नाही, नाही, मलाही नाही."

मग त्यानं मला बोलावलं. सुनेनं ताट हातात दिलं. हळद, कुंकू, झेंडूची फुलं, निरांजन. मी डोक्यावरून पदर घेतला आणि हॉलमध्ये आले.

साहेब आदरानं बोलले, ते मला नाकारता येणार नाही. "काकू, यजमान मोठे शिकारी होते म्हणे. मुलगा अगदी वडिलांवर गेला ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. अशा वेळी मी हसते आणि आत जाते. पण फोटोतले हे समोर होते, आणि त्यांच्या टोपीवर त्या शिंगांची सावली पडली होती.

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे?"

"हे बहुतेक वेळा रिकाम्या हातानं यायचे."

साहेब मोठ्यानं हसले. "अहो काकू, मीसुद्धा. गेल्या खेपेला आठवडाभर चाललो, शेपूट दिसली नाही. ही म्हणाली, नुसतं चालायचंच होतं तर इथेच ईस्ट कोस्टला समुद्रकाठी चालायचं, विमानात कशाला बसलात."

"मग काय तर," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "आणि वर पाय मी चेपायचे."

सगळे हसले. मुलगा सगळ्यांत जास्त हसला. "आई, आता कुंकू लाव," तो म्हणाला. "मग सोनं वाटू."

मी म्हटलं, "मी नाही लावणार."

माझा आवाज कापत होता, पण निघत होता. "कुंकू शस्त्राला लावतात. जनावराला लावायचं तर आधी लावतात."

"आधी म्हणजे?" साहेबांच्या पत्नींनी विचारलं.

"मारायच्या आधी. बोकडाला देवापुढे उभा करतात, कुंकू लावतात, अंगावर पाणी शिंपडतात आणि तो अंग झटकेपर्यंत, म्हणजे हो म्हणेपर्यंत, थांबतात. माणसं ताटकळतात, पण थांबतात. आमच्या गावात एकानं झटकलंच नाही, तर त्याला सोडून दिला. ह्याच्यासाठी कोण थांबलं होतं?"

मी मुलाचं फाटक सांगितलं नाही, फोटो बघून ठरवलेलं सांगितलं नाही. तेवढं त्याचं त्याच्याजवळ ठेवलं. ताट टेबलावर ठेवलं, ह्यांचा फोटो खिळ्यावरून काढला आणि माझ्या खोलीत नेला. मागून नातीचा इथल्या पोरांच्या ढंगातला आवाज आला, "आजी, आय ऑल्सो डोन्ट लाइक इट, लाह." मग मी परत येऊन वडे वाढले. सगळ्यांनी खाल्ले. साहेबांनी दोनदा मागून घेतले.

सकाळी मुलगा कामावर जायच्या आधी माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. बुटाची लेस बांधायची राहिलेली.

"आई, तू मला साहेबांपुढे खाली बघायला लावलंस."

"मी खोटं काय बोलले?"

"खोटं नाही. पण बाबांचं काय गं एवढं? हाका म्हणजे तरी काय होतं? तीन बाजूंनी माणसं, चौथ्या बाजूला बंदुका. तेही कुंपणच."

त्याचं म्हणणं मला उडवून लावता आलं नाही. मी विचार केला. "होतं," मी म्हटलं. "पण माणसांचं होतं. डुक्कर अंगावर आलं की माणूस बाजूला होतो. तार होत नाही."

"इतक्या मोठ्या जागेत जनावराला कुंपण कळत नाही, आई. खरंच नाही कळत."

"त्याला नसेल कळत. तुला कळत होतं."

तो म्हणाला, "तिथे त्यांना सगळं मिळतं. पाणी, चारा, औषध. रानात असता तर सिंहानंच खाल्ला असता."

"मलाही इथे सगळं मिळतं," मी म्हटलं. "म्हणून माझं तोंड कुणाच्या भिंतीवर लावायचं नाही."

सून मागे नातीची वेणी घालत होती, तिच्या तोंडून हसू फुटलं आणि तिनं ते खोकल्यात घातलं. मुलानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि लेस न बांधताच गेला.

पुढचे कितीतरी दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलत होता. आई, गोळी घेतलीस का. आई, कार्ड टॅप कर, दार उघडेल. मीही कामापुरतंच बोलले. मला वाईट वाटत होतं. पण वाईट वाटतं म्हणून फोटो परत नेऊन लावीन असं मनात आलं नाही. सुनेनं एकदा सुचवलं, "आई, निदान कोपऱ्यातल्या भिंतीवर?" मी म्हटलं, "ते डोकं आहे तोवर त्या हॉलमध्ये नाही. कोपऱ्यात नाही आणि मधोमधही नाही."

मग एका संध्याकाळी तो लवकर आला. मी भाजी निवडत होते. समोर बसून शेंगांच्या शिरा काढायला लागला.

"साहेबांना सांगितलं," तो म्हणाला. "आज जेवायला हॉकर सेंटरला गेलो होतो तेव्हा. कुंपणातला होता म्हणून सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तू मला फोटो पाठवलास तेव्हाच कळलं होतं. कुडूच्या मागे तार दिसतेय."

मी हसले नाही. खूप हसू येत होतं, पण हसले नाही. "मग तेव्हाच का नाही बोलले?"

"म्हणाले, तू कधी सांगतोस ते बघत होतो." त्यानं एक शेंग मोडली. "पुढच्या वर्षी बरोबर चल म्हणाले. मोकळ्या रानात, पायी. मिळेलच असं नाही म्हणाले."

"जाणार आहेस?"

"जाईन म्हणतो. तू रागावशील?"

"जाऊ नकोस असं मला वाटतं. भातात डुक्कर शिरलेलं नाही, तुझं काही अडलेलं नाही. पण गेलास तर तसा जा. आणि रिकामा आलास तर मान खाली घालून येऊ नकोस."

त्यानं विचारलं, "ते बाबांच्या पायावरून गेलेलं डुक्कर, ते नक्की कुठे झालं होतं गं?"

मी म्हटलं, "सांगीन. पण इथे नाही. माझ्या खोलीत ये." तो आला. पलंगाच्या काठावर बसला, ह्यांच्या फोटोसमोर, आणि मी सांगितलं.

डोकं अजून हॉलमध्येच आहे. रविवारी तो स्टुलावर चढून स्वतः पुसतो. शिंगांच्या पिळांत फडकं अडकतं, मग शिव्या देतो. मी खालून स्टूल धरत नाही. ते सून धरते.

इथे वाटप रोज वाटत नाहीत. सून रविवारी मिक्सरमधून एकदम पुष्कळ वाटून काढते आणि डबे भरून फ्रीजरमध्ये ठेवते, आठवडाभर पुरतं. तो ज्या आठवड्यात आफ्रिकेत जाईल त्या आठवड्यात मी तिला ते काढू देणार नाही. फ्रीजरमध्ये असतील ते डबे आधी संपवीन, धुऊन पालथे घालीन. ती हसेल, म्हणेल आई, तो कुठे आणि आपलं खोबरं कुठे. हसू दे. तो रानात असेपर्यंत या घरात पेज आणि लोणचं.